अठ्ठाविसाव्या आठवड्यात दिल्ली सोडली

नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीची हवा बिघडली तेव्हा मी सहा महिन्यांची गरोदर होते. रात्री झोप यायची नाही, मग फोनवर शोधत बसायचे. अशा दिवसांत शहर सोडावं का? सोडायचं तर ऑफिसला काय सांगायचं? डॉक्टर मधेच बदलले तर जुने कागद चालतात का? हाती लागायचं ते एकतर छातीत धडकी भरवणारं, नाहीतर एअर प्युरिफायरची जाहिरात. आता लेक साडेचार महिन्यांची झाली आहे आणि माझी रजा संपत आली आहे. पुढच्या हिवाळ्यात कुणाला तरी उपयोग होईल म्हणून घडलं तसं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

आम्ही दोघं मयूर विहारला राहतो. माझं ऑफिस नोएडात, नवऱ्याचं गुडगावला. माहेर कराड तालुक्यात. शेवटची पाळी 20 मे 2024 ची, म्हणून बाळंतपणाची तारीख मिळाली 24 फेब्रुवारी 2025. हे आठवडे एकदा कॅलेंडरवर मांडून वहीत लिहून ठेवा. पुढे डॉक्टर, विमान कंपनी, ऑफिसची एचआर, सगळे आठवडेच विचारतात. "सहावा चालू आहे" हे फक्त माहेरी चालतं.

पावसाळ्यात दिल्लीची हवा चक्क बरी असते. ऑगस्टमधली सोनोग्राफी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीची व्यंग तपासणारी मोठी सोनोग्राफी, दोन्ही बिनघोर झाल्या. संध्याकाळी मी अर्धा तास चालून यायचे. दसऱ्यानंतर सगळं पालटलं. वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत दबून बसते, आणि वर्षभर असतोच तो गाड्यांचा, बांधकामांचा, कचरा जाळल्याचा धूर वर जायचं नाव घेत नाही. त्यात पंजाब-हरियाणातली पराळी, म्हणजे भातकापणीनंतर शेतात उरलेला पेंढा, पेटते. दिवाळी झाल्यावर डोळे चुरचुरायला लागले आणि घसा कायमचा खवखवायला लागला. खोकला आला की पोट ताणलं जायचं, त्याची भीती वेगळीच.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दोन वस्तू घेतल्या. एक प्युरिफायर, तेरा हजारांचा. दुसरं हवेतले बारीक कण मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र, साडेचार हजारांचं. प्युरिफायर घेताना दुकानदार निळे दिवे आणि फोनवरची बटणं दाखवतो. आपण दोनच गोष्टी विचारायच्या: आत खरा हेपा (अगदी बारीक कण अडकवणारा) फिल्टर आहे का, आणि सीएडीआर किती, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा तो साफ करतो. बारा बाय बाराच्या झोपायच्या खोलीला दोनशेच्या पुढचा आकडा पुरतो. अख्खं घर साफ करायच्या नादी लागू नका, एकच खोली धरा आणि तिचं दार लावून घ्या. खिडकी दिवसभर बंद ठेवली तर डोकं जड होतं, कारण प्युरिफायर कण धरतो, हवा ताजी करत नाही. आम्ही दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, उन्हानं हवा थोडी वर उचलली जाते तेव्हा, पंधरा मिनिटं खिडकी उघडायचो.

यंत्रावरचा आकडा आणि बातम्यांतला आकडा यांत माझा बरेच दिवस घोळ होत होता, म्हणून सांगते. बातम्यांत असतो तो निर्देशांक, एक्यूआय. तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर फुकट बघता येतो: 200 च्या पुढे 'खराब', 300 च्या पुढे 'अतिशय खराब', 400 च्या पुढे 'गंभीर', आणि 500 ला मोजपट्टीच संपते. घरातलं यंत्र दाखवतं ते पीएम 2.5, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम ते. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा 60 आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15.

18 नोव्हेंबरला सकाळी आठपासून दिल्लीत ग्रॅपचा, म्हणजे हवा बिघडेल तसे निर्बंध वाढवायच्या सरकारी आराखड्याचा, चौथा टप्पा लागू झाला. बांधकामं बंद, बाहेरचे ट्रक बंद, शाळा ऑनलाइन. त्या संध्याकाळी शहराचा सरासरी एक्यूआय होता 494. त्या दिवशी माझे बरोबर 26 आठवडे भरले. बाल्कनीत यंत्र धरलं तर आकडा सहाशेच्या पुढे. खोलीत दार लावून, प्युरिफायर पूर्ण जोरावर ठेवून, चाळीस. जेवण करायला स्वयंपाकघरात गेलं की दोनशे. माझं बिऱ्हाड त्या आठवड्यात एका खोलीत आलं होतं. एन-95 मास्क लावून रिक्षापर्यंत जायचं तरी दम लागायचा, कारण सहाव्या महिन्यात एरवीही श्वास पुरत नाही. मास्क पट्ट्या कानामागे नव्हे, डोक्यामागे जाणारा घ्या. तोच नीट बसतो.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी होती. मी थेट विचारलं, "मॅडम, मी गावी जाऊ का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. या बाई एरवी चार मिनिटांत पेशंट उरकतात, त्या दिवशी बराच वेळ बोलल्या. बारीक कण आईच्या फुप्फुसातून रक्तात उतरतात, शरीरात सूज वाढते, पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी 2019 मध्ये वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण दाखवले, आणि 2022 च्या अभ्यासात ते गर्भाच्या यकृत, फुप्फुस आणि मेंदूतही सापडले. कमी वजनाचं बाळ आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण, या दोन्हींशी प्रदूषणाचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. एवढं ऐकून माझा चेहरा उतरला असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या की हे हजारो बायकांच्या सरासरीचे हिशेब आहेत. तमिळनाडूत बाराशेच्या वर गरोदर बायकांवर अभ्यास झाला, त्यात पीएम 2.5 दहा मायक्रोग्रॅमनं वाढलं की जन्मवजन सरासरी चार ग्रॅमनं कमी दिसलं. चार ग्रॅम! मला हायसं वाटलं. घरी येऊन हिशेब मांडला. इथल्या नोव्हेंबरचा आकडा दहाच्या कितीतरी पटींत. मग हायसं वाटणं थांबलं. असले हिशेब अर्थात सरळ रेषेत चालत नाहीत, पण रात्री दोन वाजता माणूस तेवढं तारतम्य ठेवत नाही.

मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं: जाता येत असेल तर आत्ताच जा. बत्तीस आठवड्यांनंतर विमानवाले डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागायला लागतात आणि पुढे तर घेतच नाहीत. आणि जिथे बाळंत व्हायचं तिथल्या डॉक्टरांना किमान शेवटचे तीन महिने तुमची ओळख हवी.

आता ऑफिसचा भाग. कायद्यानं प्रसूती रजा 26 आठवड्यांची, पण त्यातली तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठच घेता येतात. माझ्या तारखेवरून रजा 30 डिसेंबरला सुरू होऊ शकत होती. म्हणजे मधला महिनाभर घरून काम करायची परवानगी हवी. एचआरमधल्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की कायद्यात घरून कामाचा उल्लेख आहे तो बाळंतपणाच्या रजेनंतरचा, तोही काम तसं असेल आणि दोन्ही बाजू कबूल असतील तर. आधीच्या काळाबद्दल काही नाही. खरंच नाही, मी वाचून पाहिलं. मग वैद्यकीय कारण हवं. मॅडम 'प्रदूषणामुळे' असं लिहायला तयार नव्हत्या, कारण मला कुठला आजार नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं: गरोदरपणाचा 27 वा आठवडा, हिमोग्लोबिन कमी, खराब हवेचा संपर्क टाळण्याचा सल्ला, घरून काम करण्यास योग्य. यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा. 'विश्रांतीचा सल्ला' असं लिहिलं की ऑफिस ती आजारपणाची रजा धरतं, 'काम करण्यास योग्य' लिहिलं की वाद मिटतो. अर्ज ईमेलनं करा, तारखा घाला, आणि प्रसूती रजेची लेखी सूचनाही त्याच ईमेलला जोडून टाका. दिल्ली सरकारनं त्याच आठवड्यात आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं, त्याचाही मला फायदा झाला असावा. परवानगी तीन दिवसांत आली.

निघण्याआधी फाइल केली. सगळे रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे रिपोर्ट फोटोंसकट, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा, रक्तगट, आणि मॅडमकडून एका पानावर आतापर्यंतचा गोषवारा. हा गोषवारा मागून घ्याच, कुणी आपणहून देत नाही. पुढे कराडच्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि ते एक पान वाचलं.

27 नोव्हेंबरला दिल्ली ते पुणे विमान, साडेसहा हजार. पुढे कराडपर्यंत गाडी, साडेचार हजार. नवरा सोडायला आला आणि दोन दिवसांनी परत गेला. त्याला त्या हवेत ठेवून मी निघून आले, हे मनात बरेच दिवस खात होतं. तो म्हणायचा, "माझ्या पोटात कुणी नाही." कात्रजच्या बोगद्यापलीकडे गाडीची काच खाली केली तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू.

कराडला नाव नोंदवताना दोन गोष्टी कळल्या. सोनोग्राफीच्या प्रत्येक नव्या केंद्रावर गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचा एफ फॉर्म भरावा लागतो, तुमची आणि डॉक्टरांची सही, ओळखपत्राची प्रत, आणि कुणाच्या सांगण्यावरून सोनोग्राफी आहे ती चिठ्ठी. आधार कार्डावर दिल्लीचा पत्ता असला तरी चालतो, पण प्रत घेऊन जा, नाहीतर परत झेरॉक्सच्या दुकानात उन्हात उभं राहावं लागतं. दुसरं, खासगी दवाखान्यात नाव घातलं म्हणजे सरकारी नोंद झालीच असं नाही. माझी झालेली नव्हती. गावातल्या आशा स्वयंसेविकेनं, आमच्या आशाताईंनी, उपकेंद्रात नेऊन सिस्टरांकडून नोंद करवली, त्या नोंदीचा आरसीएच क्रमांक मिळवून दिला आणि माता-बाल संरक्षण कार्ड हातात ठेवलं. खासगीत दाखवत असलात तरी हे करा. त्या कार्डाचा उपयोग बाळाच्या लसींना होतो, आणि आशाताई नावाचं माणूस तुमच्या घराशी जोडलं जातं, ते तर फारच मोलाचं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. डिसेंबरमध्ये मी तिथेही जाऊन आले. हिमोग्लोबिन 9.6 निघालं. लोहाच्या गोळ्या बदलून मिळाल्या.

पण त्याच्याही आधी, माहेरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, मी सहज यंत्र चालू केलं.

आमच्या माहेरी गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी बंबात तापतं आणि भाकऱ्या मागच्या चुलीवर होतात. वर्षानुवर्षं असंच आहे. बंब न्हाणीच्या भिंतीला लागून, त्याला लागून मधली खोली, आणि मधल्या खोलीत मी झोपले होते. सकाळी सहाला आईनं बंब पेटवला, ओली ढलपी होती, आणि माझ्या उशाशी आकडा गेला 380. दिल्लीतल्या माझ्या खोलीत 494 च्या दिवशीसुद्धा एवढा नव्हता. मी आईला यंत्र दाखवलं. आई म्हणाली, "हे मशीन बिघडलंय. लाकडाचा धूर तो, गाडीचा का आहे?"

यावर भांडण करण्यात अर्थ नव्हता. दिल्लीच्या धुराविषयी मी वाचलं होतं, तसंच याविषयीही वाचलेलं होतं, फक्त ते 'दुसऱ्यांच्या घरांविषयी' आहे असं कुठेतरी वाटत होतं. हवेच्या प्रदूषणाशी जोडलेले जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले बालमृत्यू 2019 या एका वर्षात जगात पाच लाखांच्या जवळ आणि भारतात 1,16,000 च्या वर धरले गेले. जगातल्या त्या मृत्यूंपैकी साधारण दोन-तृतीयांश स्वयंपाकाच्या लाकूड-गोवऱ्यांसारख्या सरपणाच्या धुराशी जोडलेले होते. बहुतेक वेळा कारण तेच, कमी वजन आणि अपुरे दिवस. आपण टीव्हीवर इंडिया गेटचं धुरकट चित्र बघतो. बंबाचं चित्र कुणी दाखवत नाही.

आप्पांनी तोड काढली. बंब उचलून परड्यात, वारा घरापासून उलट जातो त्या बाजूला नेला आणि माझ्यापुरतं पाणी तापवायला पाच हजारांचा छोटा गिझर बसवला. लाइट जायची त्या दिवशी मी आंघोळ दुपारी करायचे. भाकऱ्या मात्र चुलीवरच होत राहिल्या, कारण आजीच्या मते गॅसवरची भाकरी भाकरीच नसते. मी फक्त त्या वेळी पुढच्या सोप्यात येऊन बसायचे. मधल्या खोलीतला आकडा तीस-पस्तिशीवर आला.

इथे मला न आवडलेली एक गोष्टही लिहिते. गरोदर बायकांना सरपणाऐवजी गॅस दिला तर बाळाचं वजन वाढतं का, हे पाहायला तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे तीन हजारांवर बायकांची मोठी चाचणी झाली. निकाल 2022 मध्ये आला: गॅस मिळालेल्यांच्या बाळांचं सरासरी वजन 2,921 ग्रॅम, न मिळालेल्यांचं 2,898. फरक म्हणावा असा नाही. म्हणजे बंब हलवला आणि बाळ गुटगुटीत झालं, अशी गोष्ट मी सांगू शकत नाही. बंब हलवला कारण धूर नको होता, एवढंच.

डिसेंबरमध्ये ऊसतोड सुरू झाली आणि संध्याकाळी शिवारात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटायला लागलं. पराळीला शिव्या देत आलेल्या बाईला हे बघून काय वाटलं असेल! काळी राख उडत अंगणात येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपके पडतात. आमचे आप्पा गेली काही वर्षं पाचट जाळत नाहीत, सरीत दाबून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणूंचं कल्चर टाकतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते खतच आहे म्हणतात. पण शेजारचे काका म्हणाले, "तुमचं ठीक आहे, आम्हाला खोडव्याला पाणी द्यायला रान मोकळं लागतं." खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस. त्यांचंही खोटं नाही. ठरलं एवढंच की पेटवायच्या आधी ते फोन करतील. फोन आला की आम्ही दारं-खिडक्या लावून घ्यायचो. दिल्लीत असा फोन करणारं कुणी नव्हतं.

28 आठवड्यांची वाढीची सोनोग्राफी ठीक होती, बाळ जरा लहान बाजूला. 30 डिसेंबरला, रजेच्या पहिल्याच दिवशी, 32 आठवड्यांची केली तेव्हा पोटाचं माप मागे पडलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, वाढ दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली आहे, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभरातल्या नव्वद बाळांहून लहान, डॉपलर करू. डॉपलर म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह बघणं, सोनोग्राफीसकट दोन हजार. प्रवाह चांगला होता. मी विचारलं, "दिल्लीच्या हवेमुळे झालं का?" डॉक्टरांनी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही. "रक्त कमी आहे, तुमची चण लहान आहे, वजन कमी वाढलंय, हवाही असेल. एका बाळाकडे बघून हे कुणालाच सांगता येत नाही. आता काय करायचं ते सांगतो." मला हे उत्तर फार आवडलं. दर दोन आठवड्यांनी डॉपलर, रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजणं, आणि दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर थेट दवाखाना. जानेवारी असा वहीत रेघा मारत गेला. तो महिना मला सगळ्यांत लांब वाटला. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अंडी, शेंगदाण्याची चिक्की, समोर येईल ते खाल्लं.

38 आठवडे भरले तेव्हा डॉक्टरांनी कळा आणायचं ठरवलं. 10 फेब्रुवारीला रात्री नॉर्मल बाळंतपण झालं. मुलगी, 2,380 ग्रॅम. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. लगेच रडली, रंग छान. पण अशा बाळांची साखर उतरू शकते म्हणून टाचेतून रक्त घेऊन बघतात, ती कमी आली आणि तिला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेलं. मी टाके घातलेल्या अवस्थेत जिना चढून काचेबाहेर उभी. तिथल्या सिस्टरांनी मला दूध काढायला शिकवलं आणि वाटी-चमच्यानं पाजायला लावलं. दुसऱ्या दिवशी साखर स्थिर झाली, तिसऱ्या दिवशी बाळ माझ्याकडे. सगळं मिळून बिल बेचाळीस हजार झालं. ऑफिसच्या विम्यात बाळाचं नाव जन्मानंतर ठरावीक मुदतीत घालावं लागतं. ती मुदत आधीच विचारून ठेवा, एनआयसीयूच्या दाराशी उभं राहून ते सुचत नाही.

तिथेच कांगारू पद्धत शिकवली. बाळ उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापडानं बांधायचं, जितके तास जमेल तितके. नवरा दिल्लीहून आला आणि हे काम त्यानं घेतलं. सोप्यात शर्टाची बटणं सोडून, छातीवर लेक घेऊन बसलेला जावई बघायला गल्लीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून येऊन जायच्या.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो धुरीचा. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, धूप टाकून धुरी देतात. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. दारं बंद. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून डिसेंबरातच डॉक्टरांना आईसमोर विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते की मालीश करा, गरम पाण्यानं न्हाऊ घाला, शेक द्या, पण धूर बाळाच्या खोलीत नको, आणि बंद खोलीत पेटती शेगडी तर अजिबात नको, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. ही युक्ती करून ठेवा. बाळंतपणानंतर तुमच्या अंगात वाद घालायचं बळ नसतं.

आजीला ते पटलं नाही. "तुझ्या बापाला ह्याच धुरीत वाढिवलं. काय झालं त्याला?"

"काय नाही झालं आज्जी. पण ही सव्वादोन किलोची आहे." घरी येईपर्यंत ती थोडी उतरली होती.

आजी गप्प झाली. मग न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी मधला रस्ता काढला. ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी करायची, ती माझ्या कमरेला शेकायची, बाळाचं टाळकं आणि अंग मऊ फडक्यानं कोरडं करून लगेच गुंडाळायचं. शेगडीच्या जागी गरम पाण्याची पिशवी. धुरीचा निखारा रोज एकदा तुळशीपाशी ठेवला जाई, आजीच्या समाधानासाठी, खिडकी लावून. मच्छर अगरबत्तीही बंद केली. एका कॉइलच्या धुरात 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण असतात असं एका अभ्यासात निघालं होतं. मच्छरदाणी दोनशे ऐंशीला मिळाली.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीला येतात, असा नियम आहे. आमच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातच होतो, बाकी त्या नेमानं आल्या. झोळीच्या काट्यावर बाळ टांगून वजन करायच्या, तेव्हा सगळं घर श्वास रोखून काट्याकडे बघायचं. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, ते साहजिक असतं. चौदाव्या दिवशी तिनं जन्मवजन ओलांडलं. सहाव्या आठवड्यात लसी घेताना 3.4 किलो.

जन्मनोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, आईबाप राहतात तिथे नाही. आमची कराडला. दवाखाना माहिती पाठवतो, 21 दिवसांच्या आत पाठवली तर फुकट. तो फॉर्म आधी मागून आईबापाची नावं आधारशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. नवऱ्याच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं, सहीच्या आधी दिसलं म्हणून बरं. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना मोकळा ठेवता येतो आणि वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. आमचं बारसं उशिरा झालं, नाव नंतर घातलं. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा दोन-तीन प्रती काढून ठेवा.

30 जूनला मी कामावर रुजू होते आहे. तिकिटं काढली आहेत. पावसाळाभर काळजी नाही, पण नोव्हेंबरमध्ये लेक नऊ महिन्यांची असेल, रांगणारी, आणि तिला एका खोलीत दार लावून ठेवणं जमणार नाही. कायद्यातलं रजेनंतरच्या घरून कामाचं ते कलम या वेळी माझ्या बाजूनं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी कराडहून काम करू द्यावं असा अर्ज गेल्या आठवड्यात टाकला आहे, कामाचं स्वरूप आणि तारखा घालून. उत्तर आलेलं नाही. नाहीच म्हणाले तर मयूर विहारमधल्या ज्या दोन पाळणाघरांना फोन केले, त्यांतल्या एकात प्युरिफायर आहे. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारलं तर बाई म्हणाल्या, "बघून सांगते."